पीक नुकसानीचे पैसे अडतात कुठे? कर्नाटक सीमाभागातल्या शेतकऱ्यांनो, या चुका टाळा

वेदगंगा-दूधगंगेचं पाणी शिवारात शिरलं, सोयाबीन कुजलं, तलाठी पंचनामा करून गेले. तरी शेजाऱ्याच्या खात्यावर पैसे पडतात आणि आपल्या नाही. घोळ बहुतेक वेळा शेतात नसतो, नोंदीत असतो.

आधी हिशोब. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत मिळते, तीही २ हेक्टरपर्यंत. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये. म्हणजे सव्वा एकर बागायतीचे सुमारे ८,६०० होतात. राज्य सरकारने वर काही जाहीर केलं तर ते वेगळं.

पहिली चूक पीक समीक्षेची, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी पीक पाहणीची. शेतात सोयाबीन आणि उताऱ्यावर भुईमूग असेल, तर पंचनाम्याशी मेळ बसत नाही. बेळे दर्शक ॲपवर सर्वे नंबर टाकून नोंद आणि फोटो पाहा. चुकलं असेल तर हरकत तिथेच आणि वेळेत घाला. पूर येऊन गेल्यावर पीक बदलून घेणं फार अवघड.

मग एफआयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक. फ्रूट्समध्ये (कर्नाटकच्या शेतकरी नोंदणीत) नाव आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. चार सर्वे नंबरांपैकी दोनच जोडलेले असतात आणि पैसे तेवढ्याच रानाचे येतात. रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या कार्यालयात) आधार, सगळे उतारे आणि पासबुक घेऊन जा, राहिलेले नंबर जोडून घ्या. नावाचाही घोळ इथेच कळतो: उताऱ्यावर कन्नडमध्ये ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’. उतारा अजून वडिलांच्या नावावर असेल, तर आधी पौती खाते, म्हणजे वारसनोंद, करून घ्या. भावाभावांत तोंडी वाटणी झालेली सरकारला दिसत नाही.

सगळ्यात जास्त पैसे अडतात बँकेत. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि एनपीसीआयला, म्हणजे बँकांमधले पैसे फिरवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट संस्थेकडे, मॅपिंग असणं वेगळं. पैसे पासबुकावरचा नंबर बघून येत नाहीत, आधार ज्या बँकेशी शेवटी मॅप झालं त्या खात्यात जातात. कोल्हापूरला कधीतरी उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं मॅप असेल, तर रक्कम परत जाते. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंगची स्थिती पाहा. बँकेत गेल्यावर नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणू नका, ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) मॅपिंग करा’ असं स्पष्ट सांगा.

परिहार या कर्नाटकच्या नुकसानभरपाई पोर्टलवर स्थिती बघताना वर्ष, हंगाम आणि आपत्तीचा प्रकार बरोबर निवडा. चुकीचा प्रकार निवडला तर नोंद दिसत नाही, आणि माणूस उगाच नाडकचेरीत (स्थानिक महसूल कार्यालयात) हेलपाटे घालतो.

कागल, चंदगडकडे राहून निपाणी-खानापुरात रान कसणाऱ्यांनी लक्षात ठेवा: महाराष्ट्राची ई-पीक पाहणी आणि तिकडचा फार्मर आयडी कर्नाटकातल्या जमिनीला चालत नाही. रान ज्या राज्यात, नोंद त्या राज्यात.

पीकविमाही वेगळाच. त्याची सूचना ७२ तासांत विमा कंपनीला द्यावी लागते. तलाठ्यांचा पंचनामा ती जागा घेत नाही.

जनावर दगावलं तर घाईने पुरू नका. आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून घ्या, कानातल्या बिल्ल्यासकट फोटो काढा. केंद्राच्या त्याच निकषांत दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये आहेत, पण दाखल्याशिवाय नाही.