कार्नूस्टीला निघालात? आधी हातमोजे, मग बाकीची यादी

तुम्ही चौघे गोल्फ खेळायला स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला निघालात, तेव्हा सामानाविषयी. पासपोर्ट, व्हिसा, विमा, प्रेशरच्या गोळ्या. यावर मी एक शब्द बोलणार नाही, ते घरचे बघतील. घरचे बघणार नाहीत अशी एकच वस्तू आहे: पावसात घालायचे हातमोजे. जोडी. डाव्या हाताचा आणि उजव्या हाताचाही. ते आत्ता मागवा, उरलेलं नंतर वाचा.

आपण बडोदेकर एका डाव्या ग्लव्हवर आयुष्य काढतो. मेंढीच्या मऊ कातड्याचा तो ग्लव्ह मे महिन्यात घामाने भिजला, तर कॅडी (बॅग उचलणारा) तो बॅगेच्या पट्ट्याला अडकवतो आणि दोन होल होईतो त्याचा पापड झालेला असतो. पाऊस आला तर आपण खेळतच नाही, झाडाखाली नाहीतर क्लबहाउसात, चहा. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर हे चालत नाही. तिथला पाऊस कोसळत नाही, आडवा येतो, बारीक, आणि चार तास येतो. विजा नसल्या तर कोणी थांबतही नाही. मी तीन ग्लव्ह नेले होते आणि स्वतःला हुशार समजत होतो. पहिला तिसऱ्या होलला भिजला, दुसरा सातव्याला. तिसरा काढायला गेलो, तर बाजूच्या खिशाची चेन उघडी राहिलेली, तो आतच गार आणि ओला. नवव्या होलला सात नंबरचं आयर्न (गोल्फची काठी, म्हणजे क्लब) हातातून सुटलं आणि चेंडूपेक्षा लांब गेलं. हसा. नंतर मी क्लब इतका आवळून धरायला लागलो की खांदे लाकडासारखे झाले आणि एक शॉट सरळ जाईना. 119 फटक्यांवर मोजणं सोडलं, तेव्हा दोन होल बाकी होते.

ओलं कातडं बुळबुळीत होतं, हे साधं आहे. पावसाचे हातमोजे कापडाचे असतात आणि ओले झाल्यावर जास्त पकडतात, म्हणून ते जोडीनेच विकतात. कोरडे असताना ते चमत्कारिक लागतात. म्हणून इथेच सवय करायची: बादलीत बुडवा, पिळा, ग्रिपवरही तांब्याभर पाणी टाका आणि रेंजवर (सरावाच्या मैदानावर) तीस-चाळीस चेंडू मारा. लोक बघतील, बघू देत. तुम्ही ऑगस्टच्या शेवटी निघताय, म्हणजे अख्खा जुलै हाताशी आहे आणि बडोद्यात जुलैत पाणी फुकट आहे. पहिला थेंब पडला की क्लबहाउसाकडे पळायचं नाही. गडगडाट झाला तर मात्र पळायचं, त्यात मर्दुमकी नको.

आता कोर्सविषयी, कारण डॉक्टरसाहेब परवा म्हणाले, "एवढं काय, सपाट तर आहे." सपाट आहे, खरं आहे. अवघड कोर्स म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर आणि तळी येतात. फ्लोरिडातल्या सॉग्रासचा सतरावा होल दीडशे यार्डांच्याही आतला आहे, पण ग्रीनभोवती (खड्ड्याजवळच्या गुळगुळीत हिरवळीभोवती) सगळीकडे पाणी, म्हणून हौशी माणूस तिथे घाबरतो. अमेरिकेतल्याच किआवाच्या ओशन कोर्सवर समुद्रवारा, आणि पाण्यात ॲलिगेटर. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅकवर पहिल्या टीशेजारी (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) पाटीच लावलेली आहे की हा कोर्स अतिशय कठीण आहे, निष्णात खेळाडूंनीच खेळावा. आणि ती पाटी वाचूनही लोक टी-टाइमसाठी (खेळ सुरू करायची वेळ मिळावी म्हणून) गाडीत रात्र काढतात, कारण तो सरकारी पार्कातला, सगळ्यांना खुला कोर्स आहे. आपल्याकडे दिल्लीच्या लोदी कोर्सवर फेअरवे (कापलेल्या गवताची वाट) सोडला की चेंडू काटेरी झुडपात, हात घालायची सोय नाही. या सगळ्या ठिकाणी संकट समोर दिसतं. कार्नूस्टीत ते दिसत नाही. महालाच्या आवारात मोरांच्या साक्षीने खेळणाऱ्या आपल्यासारख्यांना पहिल्या टीवरून वाटतं, अरे, हे तर मोकळं मैदान. झाड नाही म्हणजे आडोसा नाही, हे तिसऱ्या होलला कळतं. हातमोजे घेतलेत ना?

त्या कोर्सला तिकडे चेष्टेने 'कार-नॅस्टी' म्हणतात. 1999 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत जिंकणाऱ्याचा स्कोअर पारच्या (कोर्सला अपेक्षित फटक्यांच्या) सहा वर होता. एकोणीस वर्षांचा सेर्जिओ गार्सिया, प्रोफेशनल, पहिल्या दिवशी 89 मारून आईच्या गळ्यात पडून रडला. माझं स्कोअरकार्ड घरी कोणी काढलं की मी हेच सांगतो.

वारा. उत्तरायणाला गच्चीवर चढलेला बडोद्याचा सात वर्षांचा पोरगासुद्धा वाऱ्याची दिशा बोटावर सांगतो आणि आपण पन्नाशीचे लोक टीवर उभे राहून झेंड्याकडे बघत नाही. बघा. खाली वेगळा, वर वेगळा, हे पतंगाला कळतं तसं चेंडूलाही कळतं. तिकडे समोरून वारा असला तर दीडशे यार्डांना सात नंबर नाही, पाच नंबर, आणि तोही अर्ध्या ताकदीने, कारण जोरात मारलं की चेंडू जास्त फिरतो आणि वर चढतो. वर चढला की गेला. आत्तापासून आठवड्यातून एक दिवस वेजला (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबला) हात न लावता खेळा: चाळीस यार्डांवरून सात नंबरने चेंडू जमिनीवरून घरंगळत ग्रीनवर न्यायचा. तिथली जमीन टणक असते, उंचावरून टाकलेला चेंडू थांबत नाही. वकीलसाहेबांचा तो आवडता उंच वेज शॉट इथेच ठेवून जायचा.

हँडिकॅपचं (तुमच्या खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचं) प्रमाणपत्र छापून न्या, फोनवरही ठेवा. मोठ्या कोर्सवर मागतात, आणि काउंटरवर उभं राहून ॲप उघडत नाही तेव्हा फार अपमान होतो. त्याच्याबरोबर एक हिशेब घरी करून पाहा. कोर्स किती अवघड ते सांगणारा स्लोप नावाचा आकडा असतो, सर्वसाधारण कोर्सचा 113, वरची मर्यादा 155. तुमचा हँडिकॅप इंडेक्स 18 आणि ज्या टीवरून खेळताय तिचा स्लोप समजा 140, तर 18 गुणिले 140 भागिले 113, म्हणजे 22 च्या आसपास. त्यात कोर्स रेटिंग (कसलेल्या खेळाडूला तिथे लागणारे फटके) आणि पार यांतला फरक मिळवायचा. म्हणजे जास्तीचे स्ट्रोक (फटके) तुम्हाला हक्काने मिळतात, दयेने नाही. आणि सर्वांत मागच्या टीवरून खेळायचा हट्ट कोणी धरला तर त्याला तिथेच सोडून पुढे जा. खेळ स्टेबलफर्डने (होलवार गुण मोजायच्या पद्धतीने) लावा. एखादा होल फसला तर शून्य गुण, चेंडू उचला, पुढे चला. नाहीतर एकाच होलवर अकरा मोजत बसाल आणि मागचे चौघे कमरेवर हात ठेवून उभे.

बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. तिथले बंकर आपल्यासारखे पसरट थाळे नाहीत, विहिरी आहेत. हिरवळीचे तुकडे विटांसारखे रचून भिंत उभी केलेली. भिंतीजवळ चेंडू असेल तर होलकडे मारायचंच नाही. आडवा काढा, नाहीतर सरळ मागे. मागे मारायला लाज वाटते, मलाही वाटली, त्या लाजेची किंमत एका बंकरात चार स्ट्रोक. चौदाव्या होलवर दोन बंकर शेजारी-शेजारी आहेत, चष्म्यासारखे, नावही तेच. त्यांच्या अलीकडे थांबा. सहाव्या होलला डावीकडे कुंपण आणि मधोमध बंकर, त्या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीतून बेन होगन 1953 मध्ये मारत गेला आणि ओपन जिंकला, म्हणून तिला 'होगनची गल्ली' म्हणतात. आपण होगन नाही. उजवीकडून जा.

आणि बॅरी बर्न. आपल्या विश्वामित्री नदीपुढे तो ओढासुद्धा नाही, नाला म्हणा. मगरी तर नाहीतच. पण सतराव्या आणि अठराव्या होलवर तो असा वेटोळे घालून येतो की कुठूनही मारा, समोर हजर. 1999 ला ज्याँ व्हान द व्हेल्ड अठराव्या टीवर तीन स्ट्रोकने पुढे होता. शेवटच्या होलला सहा पुरले असते. चेंडू नाल्यात घालवला, बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला, सात मारले आणि बरोबरी झाल्यावरच्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरीकडून हरला. 2007 ला पॅड्रिग हॅरिंग्टननेही त्याच होलला दोनदा पाण्यात घालवला. तो मात्र प्लेऑफ जिंकला. तेव्हा अठराव्याला नाल्याच्या अलीकडे चेंडू ठेवायचा, मग पलीकडे. तीन शॉटचा होल आहे असं आधीच मनाशी धरा. पाणी आणि पाऊस एकदम असेल तेव्हा क्लब हातात घट्ट राहणं हीच अर्धी लढाई आहे आणि ते कशाने होतं, हे मी पुन्हा सांगत नाही. सांगतोच: पावसाचे हातमोजे, जोडी, आणि शक्यतो दोन जोड्या.

ते ठेवायचे कसे, हेही ऐका, कारण मी सामान नेऊनही हरलो होतो. भाजी ठेवतो तसल्या चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत. पिशवी बॅगेच्या वरच्या खिशात, खिशाची चेन बंद. दर वेळी बंद. टॉवेल दोन, एक छत्रीच्या काड्यांना आतून अडकवायचा. छत्री वाऱ्यात उलटी होते, पण टॉवेलला छप्पर म्हणून बरी. रेनसूटची पँट बुटांवरून चढते का, ते घरी बघा. पहिल्या टीवर एका पायावर नाचताना नाही.

चेंडू: अठरा. डझनात भागेल म्हणाल, नाही भागणार. चेंडू शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, 2019 पासून, आधीची पाच विसरा. रफमध्ये (वाढलेल्या गवतात) गेल्याची शंका आली की प्रोव्हिजनल (बदली चेंडू) मारूनच निघा. क्लब चौदा, मोजून. बूट नवे घेऊ नका. कोर्सवर फिरायला गाडी मिळेल असं धरू नका, चालायचं आहे. चालायची सवय सयाजीबागेत चार फेऱ्या मारून होत नाही, बॅग खांद्यावर घेऊन मारल्या तर होते. कॅडी आधी बुक करा. तिथला कॅडी सांगेल ती रेघ धरा, वाद नको.

विमानात क्लब चेक-इन सामानात जातात. ड्रायव्हरचं डोकं काढून मोज्यात गुंडाळा (पायाच्या), मऊ कव्हर असेल तर मधोमध एक काठी उभी घाला म्हणजे मार तिला बसेल. वजनाची मर्यादा तिकिटावर बघा. एडिनबरोहून डंडीमार्गे रेल्वे आहे, स्टेशनवरून कोर्स चालत. वाटेत फोर्थचा पूल लागतो, तो 1890 मध्ये सुरू झाला, आपला लक्ष्मी विलास महालही त्याच वर्षी पुरा झाला. खिडकीची जागा धरा. लिलो चिवडा घ्या. जेवणाचं बघून घ्याल. थकवा गेल्याशिवाय खेळू नका, एक दिवस मोकळा ठेवा. पैसे, चार्जर, प्लग, नेहमीचंच.

निघायच्या दिवशी मी येणार आहे सोडायला. बॅगा गाडीत चढवायच्या आधी चौघांनीही वरचा खिसा उघडून दाखवायचा.