कुत्र्याला आपली पेनकिलर देताय? या चुका टाळा

कुत्रा पाय टेकवत नाही, रात्रभर कण्हतोय आणि दवाखाना उघडायला अजून वेळ आहे. अशा वेळी हात आपसूक घरातल्या औषधांच्या डब्याकडे जातो. तो प्रेमापोटीच जातो, हे मला माहीत आहे. तरीही कळकळीने सांगते, तो डबा उघडू नका.

"अर्धी गोळी काय करणार?"

सगळ्यात जास्त घात हाच हिशोब करतो. ८ किलोच्या कुत्र्याला आयब्युप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली, तर किलोमागे ५० मिलिग्रॅम औषध पोटात जातं. एवढ्यात जठरात व्रण होऊ शकतात. ६० किलोच्या माणसाला तीच गोळी किलोमागे ७ मिलिग्रॅमही पडत नाही. कमी मात्रा रोज देत राहिलं तरी व्रण होतातच. कारण आयब्युप्रोफेनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन हे शरीरात तयार होणारं रसायन अडवून दुखणं कमी करतात, आणि जठराचं अस्तर जपायला व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायलाही प्रोस्टाग्लँडिनच लागतं.

त्यात कुत्र्याच्या शरीरातून औषध उतरायचा वेग वेगळा. नॅप्रोक्सेन ही अशीच एक पेनकिलर; ती शरीरात अर्ध्यावर यायला माणसात साधारण १२ ते १७ तास लागतात, कुत्र्यात सुमारे ७४. दुसऱ्या दिवशी दिलेली गोळी पहिलीवर साचत जाते.

"पॅरासिटामॉल तरी सौम्य असतं ना?"

नाही. जास्त झालं की यकृत निकामी होऊ लागतं, आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटते. मग हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसतात. पशुवैद्य कधी कधी कुत्र्याला हे औषध देतात, पण वजन आणि तपासण्या पाहून, मोजून. घरात मांजर असेल तर तिच्यासाठी एक गोळीही जीवघेणी ठरते.

नाव तेच, गोळी वेगळी

मेलॉक्सिकॅम ही पेनकिलर कुत्र्यांनाही देतात, म्हणून आपलीच गोळी चालेल असं वाटतं. कुत्र्याचा नेहमीचा डोस दिवसाला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १ मिलिग्रॅम पुरतं, आणि माणसांची लहान गोळीच ७.५ मिलिग्रॅमची असते.

कुत्र्याला आधीच स्टेरॉइड किंवा दुसरी पेनकिलर चालू असेल, तर धोका फार वाढतो. शिवाय डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्याला लावून बसलात आणि त्याने चाटलं, तरी औषध पोटात जातंच.

वाट बघणं

गोळीनंतरची उलटी थांबली म्हणजे संकट टळलं, असं समजू नका. मूत्रपिंडाचा त्रास दिसायला एक-दोन दिवस लागू शकतात. डांबरासारखी काळी शी, उलटीत रक्त, खाणं सोडणं, खूप पाणी पिणं किंवा लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा. गोळी गिळल्याचं कळलं असेल तर लक्षणांचीही वाट पाहू नका.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मिठाचीच विषबाधा होते. दूध पाजूनही औषध उतरत नाही.

पशुवैद्याला फोन करताना गोळीचं पाकीट हातात ठेवा. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती गोळ्या, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन, एवढं सांगा. आपणच दिली असेल तर तेही न लाजता सांगा. पॅरासिटामॉलवर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण कुठली गोळी गेली हे कळलं तरच डॉक्टर तो वेळेवर सुरू करू शकतात.