१९२८ च्या काळातल्या हॉकी प्लेयरची कारकीर्द कशी शोधून काढायची

जुन्या हॉकी प्लेयरबद्दल लिहायचं म्हटलं की आपण आधी गोल मोजायला बसतो. मी पण तेच केलं होतं, कितीतरी दिवस नुसते आकडे जुळवत बसलो आणि माणूस काही हाताला लागला नाही. मग कळलं की सुरुवात गोलपासून करायचीच नाही, नोकरीपासून करायची. तो कुठे कामाला होता, पगार कोण देत होतं, रजा कोण मंजूर करत होतं, एवढं सापडलं की बाकीचं आपोआप उलगडायला लागतं.

कारण त्या काळात हॉकीवर पोट भरत नव्हतं. प्लेयर म्हणजे पलटणीतला शिपाई, रेल्वेतला किंवा कस्टम्समधला माणूस, नाहीतर कॉलेजातला पोरगा. ध्यानचंद १९२२ ला फौजेत गेले आणि १९२६ ला न्यूझीलंडला गेले ते इंडियन आर्मीच्या टीममधून, म्हणजे त्यांचा पहिला परदेश दौरा शोधायचा तर तो 'भारत' या नावाखाली नाही तर आर्मीच्या नावाखाली सापडणार. १९३२ च्या ऑलिंपिकच्या वेळी तर पलटणीने त्यांना आंतरप्रांतीय स्पर्धेसाठी रजाच दिली नाही, शेवटी हॉकी फेडरेशनने त्यांना ट्रायलशिवाय टीममध्ये घेतलं. जयपाल सिंग १९२८ च्या ऑलिंपिक टीमचे कॅप्टन, ते इंग्लंडमध्ये आयसीएसच्या (इंग्रज सरकारच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नोकरीच्या) ट्रेनिंगमध्ये होते, रजा मिळाली नाही तरी अॅमस्टरडॅमला गेले आणि पुढे आयसीएस सोडलीच. आता सांगा, नुसत्या स्कोअरकार्डवरून यातलं काय कळलं असतं?

म्हणून एक वही घ्या आणि वर्षाप्रमाणे तीन रकाने पाडा: नोकरी कुठे, टीम कुठली, मॅच कुठे. गोलचा रकाना नंतर.

दुसरं काम नावाचं, आणि इथे घाई अजिबात करू नका. एकाच माणसाचं नाव चार स्पेलिंगने येतं. ध्यानचंदांचं मूळ नाव ध्यान सिंग. जयपाल सिंगांच्या नावापुढे आज आपण मुंडा लावतो पण तेव्हाच्या बातम्यांत बहुतेक वेळा नुसतं जयपाल सिंगच असतं, त्यामुळे पूर्ण नाव टाकून शोधलंत तर हाती काहीच लागणार नाही. भावाभावांचा घोटाळा वेगळाच. गुडसर-कलन आडनावाचे दोन भाऊ ऑलिंपिक खेळले, विल्यम १९२८ ला आणि अर्नेस्ट १९३६ ला, आणि पेपरात नुसतं आडनाव छापलेलं असलं की वर्ष बघितल्याशिवाय कोण ते ठरवता येत नाही. मी एकदा अशाच दोन भावांना (हे नाही, दुसरे) एक समजून अख्खं टिपण लिहिलं आणि मग सगळं फाडलं, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

टीमच्या नावाचंही तसंच. १९२८ ची टीम निवडायला कलकत्त्यात आंतरप्रांतीय स्पर्धा झाली, त्यात संयुक्त प्रांत, पंजाब, बंगाल, राजपुताना आणि मध्य प्रांत असे पाच संघ होते. तुमचा प्लेयर यातल्या कुठल्या संघात होता ते बघा, ध्यानचंद संयुक्त प्रांताकडून खेळले. त्याआधीचं शोधायचं असेल तर कलकत्त्याचा बेटन कप आणि मुंबईचा आगाखान कप या दोन स्पर्धांच्या बातम्या चाळा, दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनच्या आहेत.

आता पेपर. इथे एक गोष्ट मला फार उशिरा सुचली, ती म्हणजे टीम जिथे गेली तिथले पेपर वाचायचे. न्यूझीलंडचे जुने पेपर 'पेपर्स पास्ट' या वेबसाइटवर फुकट आहेत, १९२६ च्या त्या दौऱ्यात आर्मीच्या टीमने २१ मॅच खेळल्या, १८ जिंकल्या, २ ड्रॉ, १ हरली, आणि गावोगावच्या पेपरात त्या मॅचेसवर लिहून यायचं. हॉलंडचे पेपर 'डेल्फर'वर आहेत, फक्त तिथे 'इंडिया' टाकून थांबू नका, डच लोक तेव्हा ब्रिटिश इंडियाचं त्यांच्या भाषेतलं नाव लिहायचे आणि तेही जुन्या स्पेलिंगमध्ये (Britsch-Indië), ते टाकून बघा. ऑस्ट्रेलियासाठी 'ट्रोव्ह'. ऑलिंपिकचे अधिकृत रिपोर्ट 'एलए८४'च्या डिजिटल लायब्ररीत मिळतात. स्कॅन केलेल्या मजकुरात अक्षरं चुकतात, म्हणून नावाऐवजी तारीख टाकून त्या दिवसाचं खेळाचं पान स्वतः उघडून बघा, वेळ जातो पण सापडतं.

बातमी वाचताना तेव्हाचा खेळ डोक्यात ठेवा. पाच फॉरवर्ड, तीन हाफबॅक, दोन फुलबॅक आणि गोली. त्यामुळे 'इनसाइड लेफ्ट' किंवा 'सेंटर हाफ' असं वाचलं की तो मैदानात कुठे उभा असेल ते कळतं. मॅच बुलीने (दोघं समोरासमोर उभे राहून स्टिकला स्टिक लावून मग बॉल घ्यायचे) सुरू व्हायची, ऑफसाइड होता, बदली खेळाडू नव्हते. बदली नाही म्हणजे ज्याला दुखापत झाली तो लंगडत खेळला नाहीतर टीम दहा जणांवर आली, आणि एखाद्या मॅचमध्ये तुमच्या प्लेयरचं नाव कमी दिसलं तर हेही कारण असू शकतं.

गोल आता मोजा. पण जपून. १९२८ ला भारताने पाच मॅचमध्ये २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही, रिचर्ड ॲलन गोली होते, त्यांचं नाव मात्र आपण फारच कमी घेतो याचं मला खरंच वाईट वाटतं. ध्यानचंदांचे १४ गोल. पण २६ मे च्या फायनलला ३-० मध्ये त्यांचे किती, हे कुठे दोन लिहिलंय कुठे तीन. असं दिसलं की दोन्ही आकडे लिहा आणि कुठला कुठून घेतला ते शेजारी लिहा, मनाने एक निवडू नका. आणि आकड्याला आजूबाजूची माहिती जोडा. १९३२ ला अमेरिकेला २४-१ ने हरवलं, त्यात ध्यानचंदांचे भाऊ रूप सिंग यांचे १० गोल, हे खरंच, पण त्या ऑलिंपिकला हॉकीत तीनच देश होते, भारत, जपान, अमेरिका, हे नाही लिहिलं तर वाचणाऱ्याला अर्धंच कळतं.

हरलेल्या मॅचेस मुद्दाम शोधा. १९२८ ची टीम बोटीत बसण्याआधी मुंबईच्या संघाकडून ३-२ ने हरली होती. १९३६ ला बर्लिनमध्ये जर्मनीकडून सरावाची मॅच ४-१ ने गेली, त्यानंतर अली दारा या प्लेयरला विमानाने बोलावून घेतलं आणि फायनलला त्याच जर्मनीला ८-१ हरवलं. पदकांच्या यादीत या मॅचेस नसतात, आणि माझ्या मते प्लेयर खरा कळतो तो इथेच.

शेवटचा भाग १९४७ नंतरचा. तुमचा प्लेयर अचानक गायब झाला तर तो मेला असं धरू नका, देश बदललेला असतो. तेच अली दारा १९४८ ला पाकिस्तानचे कॅप्टन होते. लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन १९४८ ला भारताकडून खेळले आणि १९५६ ला पाकिस्तानकडून. ॲंग्लो-इंडियन कुटुंबं ऑस्ट्रेलिया, इंग्लंडला गेली, जबलपूरकडचे पीअर्स भाऊ तर पुढे ऑस्ट्रेलियाकडून ऑलिंपिक खेळले.

घरच्यांना भेटलात तर आधी कागद मागू नका, टीमचा फोटो मागा आणि त्यात कोण कोण ते बोटाने दाखवायला सांगा, रेकॉर्डिंग चालू ठेवा. मग फोटो फ्रेममधून काढता आला तर मागची बाजू पण स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलने लिहिलेली नावं बऱ्याचदा तिथेच असतात.