रायझरवर ड्रम किट घुमतोय? या चुका टाळा

जमिनीवर नीट वाजणारा किक ड्रम (पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम) रायझरवर, म्हणजे स्टेजवरच्या ड्रमच्या उंच चौथऱ्यावर, चढवला की घुमायला लागतो, आणि बहुतेक जण लगेच मिक्सरवर त्याचा बेस कापतात. पहिली चूक हीच. आधी सगळे स्पीकर बंद करून किक वाजवा. तरीही घुमला, तर दोष रायझरचा. स्पीकर सुरू केल्यावरच घुमला, तर सबची (खालचे सूर वाजवणाऱ्या सबवूफर स्पीकरची) कंपनं स्टेजमधून रायझरमध्ये, तिथून किकच्या माइकमध्ये आणि परत सबमध्ये जातायत.

दोष रायझरचाच असेल, तर मूळ त्याच्या पोकळीत असतं. वर ताणलेलं प्लायवूड, खाली कोंडलेली हवा. म्हणजे तो स्वतःच एक मोठा ड्रम. 12 मिमी प्लाय आणि खाली लांब-लांब आडपट्ट्या असतील तर घुमणारच. 18 मिमीचा आणखी एक थर वरून स्क्रूने घट्ट बसवा, साधारण 40 सेंमीवर एक आडपट्टी द्या आणि पोकळीत कापडात गुंडाळलेलं 50 ते 100 मिमी जाडीचं रॉकवूल (दगडी लोकर) भरा. स्वस्तातला फोम नको, तो पेट घेतो.

गालिच्यावर फार भरवसा ठेवू नका. तो किट सरकू देत नाही, सिम्बलचा (धातूच्या थाळ्यांचा) आवाज थोडा शोषतो. किकच्या घुमण्याला त्याने काही फरक पडत नाही.

सबचा त्रास असेल तर सब रायझरपासून लांब न्या. खाली पातळ रबर घातल्याने खडखड थांबते, पण 50 हर्ट्झची कंपनं अडत नाहीत. माइकचे स्टँड रायझरवर न ठेवता स्टेजवर ठेवा, किकचा माइक ड्रमच्या आत उशीवर ठेवला तरी चालतो. ओव्हरहेडला (किटच्या वर लावलेल्या माइकना) 100 हर्ट्झच्या आसपास लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारा फिल्टर, लावा.

फ्लोअर टॉमचा (स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या ड्रमचा) आवाज लगेच मरत असेल तर पायांची रबरी टोपणं तपासा. ती झिजली की धातू थेट प्लायवर टेकतो आणि टॉमची कंपनं फळीत जिरतात. प्रत्येक पायाखाली मऊ फोमचा तुकडा ठेवून बघा.

खडखड शोधायची तर रायझरवर पाय आपटत फिरा. रायझरच्या जोडलेल्या दोन डेकमधला (तक्त्यांमधला) सैल क्लॅम्प किंवा अधांतरी राहिलेला एखादा पाय, बहुधा एवढंच निघतं.

उंचीचा विचार मात्र क्वचितच होतो. 45 सेंमीच्या रायझरवर सिम्बल गायकाच्या माइकच्या उंचीला येतात, आणि त्या माइकचं तोंड मागे, म्हणजे किटकडेच असतं. 20 सेंमी उंची पुरत असेल तर तेवढीच ठेवा. नाहीतर गायकाला किटच्या सरळ रेषेतून बाजूला उभं करा.