मयताच्या घरी भजनाला बसताना

"बाराव्याच्या आदल्या रात्री भजन ठेवलंय, बुवा," असा फोन आला की आधी विचारा, गेलेला माणूस किती वर्षांचा होता आणि कसा गेला. अभंग त्यावर ठरतात. नव्वदीची आजी झोपेत गेली असेल तर तुकोबांचा 'आम्ही जातो आपुल्या गावा' खुशाल मोकळ्या आवाजात म्हणा, म्हातारी माणसं टाळ्या धरतील. पंचविशीतला मुलगा बाईकवरून गेला असेल, तर त्या घरी तो अभंग काढू नका. ज्याला जायचंच नव्हतं त्याच्या तोंडी 'आमचा राम राम घ्यावा' कसं घालणार?

तुकोबांचाच 'बाईल मेली मुक्त जाली' कुठल्याच घरी नको. दुष्काळात बायको अन्नावाचून गेलेल्या माणसाचं ते देवाशी भांडण आहे. ते त्यालाच शोभतं.

लालबागच्या चाळीत गॅलरीभर सतरंज्या पडायच्या. आता त्याच जागी टॉवर आहेत आणि बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये असते. रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही म्हणून मंडळी कुरकुरतात. मला विचाराल तर माइक आठ वाजताही नको. घरच्यांचा हुंदका आपल्या आवाजाखाली दबला नाही पाहिजे. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यात, काळी चारची उंच पट्टी लावत असाल तर इथं खाली काळी एकला या. ताना घरी ठेवा.

सुरुवात नेहमीसारखी, 'रूप पाहता लोचनी'नंच. उशिरा आलेली माणसं तोवर बसून घेतात, टाळकऱ्यांचे हात सरळ होतात.

मग नामदेव. ज्ञानेश्वरांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली, त्यावरचे नामदेवांचे अभंग प्रत्येक बुवाला पाठ हवेत. त्यात निवृत्तिनाथ रडतात. गुरू तेच, थोरले भाऊही तेच, आणि धाकट्याला निरोप देताना त्यांचं सगळं ज्ञान गळून पडतं. तळ्याचा बांध फुटून पाणी बारा वाटांनी जावं, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ व्हावं, तसं झालं म्हणतात. बापाच्या हयातीत मुलगा गेला असेल त्या घरी हेच म्हणा. आत्मा अमर आहे हे त्या बापाला दहा दिवस सगळ्यांनी ऐकवलेलं असतं. निवृत्तिनाथांसारखा माणूस रडला, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. इथं चाल साधी ठेवा, शब्द कळले पाहिजेत. शिवरंजनी रागात बांधू नका, लगेच सिनेमा आठवतो.

शेवटच्या कडव्याला पेटी आणि पखवाज दोन्ही थांबवा. हे मी डोंगरीत शिकलो. मोहरमात इमामवाड्याकडे नोहे, म्हणजे शिया लोकांची शोकगीतं, ऐकायला उभे राहा: पेटी नाही, तबला नाही, छातीवर पडणाऱ्या हातांचा तेवढा ठेका. आपण नुसता टाळ ठेवावा, तोही दाबून.

एवढ्यात कुणीतरी हंबरडा फोडतं. भजन थांबवू नका, आवाजही चढवू नका. बुवानं गप्प व्हावं आणि कोरसनं 'विठ्ठल विठ्ठल' खालच्या पट्टीत धरून ठेवावं, लागेल तितका वेळ. रडणाऱ्याकडे बघायचं नाही. बायका उठून त्या बाईजवळ जातात, पाणी देतात, ते त्यांचं काम. बुवाचाच गळा दाटला तर सरळ कोरसकडे द्या. रडून दाखवणाऱ्या बुवाला लोक बघत बसतात आणि घरचे रडायचे राहतात.

पुढं दोन-तीन हलके अभंग, हळूहळू लय वाढवत. गजर मात्र नाचायला लावेल असा नको. दहाच्या आत पसायदान. चहा घ्या, पाकीट घेऊ नका. फारच आग्रह झाला तर पखवाजवाल्याचं टॅक्सीभाडं तेवढं घ्या, कारण पखवाज घेऊन लोकलमध्ये शिरता येत नाही. निघताना 'येतो' म्हणायचं नाही. चपला घालायच्या आणि निघायचं.