सेंट पीटर्सला जायचंय? पंचा घ्या

मिलानमध्ये शिकताना रोमला, व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चला दोनदा गेलो. पहिल्यांदा जुलैत, हाफ चड्डीवर. दारातूनच परत! चूक माझीच, खांदे-गुडघे झाकलेलेच हवेत. दुसऱ्यांदा फुल पँट घातली, सोबतच्या मैत्रिणीच्या खांद्यावर आईनं सोलापूरच्या चाटी गल्लीतून घेऊन दिलेला पंचा टाकला. काम झालं.

आत जायला पैसे नाहीत, रांग असते ती तपासणीची. सकाळी सातला पोचा. बुधवार टाळा, सकाळी पोपचं दर्शन असतं. गड्ड्याच्या जत्रेसारखी गर्दी.

आत शिरल्यावर उजवीकडेच मायकेलअँजेलोचा पिएता, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मरियमेचं शिल्प. 1972 मध्ये एकानं हातोडा मारला, तेव्हापासून काचेआड आहे. पुढं संत पीटरचा काशाचा पुतळा. हात लावून लावून उजव्या पायाची बोटं पार गुळगुळीत झालीत, एकमेकांत मिसळलीत. मीही लावला, गार लागला. घुमटाला तिकीट आहे, पायऱ्या 551. गुडघे दुखत असतील तर निम्म्यापर्यंत लिफ्ट घ्या.

मिसा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असेल तर मागं बसा, फोन आत ठेवा. आणि हो, लोक रांगेनं पुढं जाऊन पांढरी चकती घेतात, ती प्रसाद समजून हात पुढं करू नका. ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. आपण जागेवरच बसायचं.