साठीनंतरचं काइटसर्फिंग: मराठवाड्यातल्या मंडळींनी या चुका टाळाव्यात

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर, फळीवर उभं राहून पाण्यावरून सरकायचं, त्या काइटसर्फिंगच्या नादी लागलेल्या आपल्याकडच्या मोजक्या ज्येष्ठांच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. किनाऱ्यावर राहणारा माणूस वारा बरा नसला की सरळ घरी जातो. आपण लातूर-नांदेडहून लांबचा प्रवास करून रामेश्वरमला पोहोचलेलो असतो, परतीचं तिकीट काढलेलं असतं, आणि साठी उलटली असेल तर अशा किती खेपा अजून जमतील हा हिशेबही मनात चालूच असतो. मग नको त्या वाऱ्यात काइट वर जातो. मला हा खेळ या वयात जीव की प्राण आहे. बोर्ड पाण्यावर उचलला गेला की पुढची दहा मिनिटं दुसरं काही सुचत नाही. म्हणूनच सोबतचे लोक टाळता येण्याजोग्या कारणांनी जायबंदी होतात तेव्हा फार वाईट वाटतं.

वाऱ्याचा आकडा कशात आहे?

हवामान खात्याचं पत्रक वारा ताशी किलोमीटरमध्ये सांगतं, तर काइटवाल्यांची अ‍ॅप बहुधा नॉटमध्ये. २० किलोमीटर म्हणजे जेमतेम ११ नॉट. २० नॉट म्हणजे ३७ किलोमीटर. एकात काइट धड उडणार नाही, दुसऱ्यात मोठा काइट तुम्हाला फरफटत नेईल. शिवाय वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. १२ नॉटचा वारा १८ झाला तर वेग दीडपट होतो, ओढ मात्र सव्वादोन पट. ‘थोडासा वाढलाय’ म्हणून तोच काइट घेऊन आत जाणं ही ज्येष्ठांची अगदी नेहमीची चूक. ७५ किलोच्या माणसाला १५ ते १८ नॉटमध्ये साधारण १२ चौरस मीटरचा काइट पुरतो. वारा त्याच्या वर चढला की लहान काइट घ्या, आणि लहान काइट जवळ नसेल तर त्या दिवशी आत जाऊ नका.

दिशा वेगापेक्षाही महत्त्वाची. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा किनाऱ्याजवळ शांत वाटतो आणि तोच माणसाला आत घेऊन जातो. थेट समुद्राकडून येणारा वाळूवर आणून आपटतो. किनाऱ्याला समांतर किंवा किंचित आत येणारा तिरपा वारा हवा. रामेश्वरमला उन्हाळ्या-पावसाळ्यात नैर्ऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा असतो, त्यामुळे बेटाची बाजू ऋतूप्रमाणे बदलावी लागते. गेल्या वेळची जागा या वेळी चालेलच असं नाही. गोव्यात मोरजी-अश्वेकडे उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, पण तो हलका असतो. तिथे मोठा काइट आणि भरपूर धीर लागतो.

बार सोडायला शिका

मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगेन ते हेच. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवून आपला हात तयार झालेला असतो: पतंग डगमगला की मांजा खेचायचा. तीच सवय समुद्रावर घात करते. काइटचा बार, म्हणजे दोऱ्यांचा हातात धरायचा दांडा, जवळ ओढला की ताकद वाढते, सोडला की कमी होते; काइट अंगावरच्या पट्ट्याला (हार्नेसला) अडकवलेला असल्याने तो उडून जात नाही. घाबरलेला माणूस बार घट्ट धरतो, काइट आणखी जोरात ओढतो, माणूस आणखी घट्ट धरतो. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा खांदा असाच निखळला, तेही गुडघाभर पाण्यात. त्यांनी नुसते दोन्ही हात मोकळे केले असते तर काइट वर जाऊन शांत झाला असता.

तेवढ्याने भागलं नाही तर क्विक रिलीज हा संकटात ओढ सोडवणारा खटका आहे. तो ढकलला की काइट एकाच दोरीवर लटकतो आणि ओढ जवळजवळ संपते. ती दोरीही जिवावर बेतायला लागली तर लीश, म्हणजे काइटला हार्नेसशी बांधून ठेवणारी दोरी, सुटी करायची आणि काइट जाऊ द्यायचा. काइट पुन्हा घेता येतो. हे नुसतं वाचून जमत नाही. रोज आत जाण्याआधी किनाऱ्यावर, डोळे मिटून, दोन्ही हातांनी आळीपाळीने रिलीज उघडून बघा. वाळू अडकली असेल तर तिथेच कळेल. साठीनंतर बोटांतला जोर कमी होतो. तुमच्या बोटांना तो उघडतो का, हे विकत घेण्याआधी तपासा.

वाळूवरचे अपघात

दोऱ्या साधारण २० ते २४ मीटर लांब असतात. वारा जिकडे जातो तिकडे निदान त्याच्या दुप्पट अंतर मोकळं ठेवा. खडक, होड्या, माणसं काही नको. काइट वर घेतल्यावर तो डोक्यावर नेऊन गप्पा मारत उभं राहू नका. डोक्यावरच्या काइटला झोत लागला की माणूस उचलला जातो. समुद्राच्या बाजूला खाली धरा आणि लगेच पाण्यात चला.

चाळिशीचा चष्मा उतरवलेल्या डोळ्यांना दोऱ्यांचा पीळ दिसत नाही. म्हणून बारपासून काइटपर्यंत प्रत्येक दोरी बोटांतून ओढत चालत जा, आणि मग मदतनिसालाही एकदा बघायला सांगा. उलट्या जोडलेल्या दोऱ्यांचा काइट वर जाताच गरगरा फिरून आदळतो.

विहिरीतलं पोहणं पुरत नाही

आपल्यापैकी बरेच जण पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरीत पोहायला शिकले. पोहणं येतं हे खरं, पण विहिरीला लाट नसते, प्रवाह नसतो आणि काठ दहा हातांवर असतो. उथळ पाण्यात अंगावर तरंगायचं जॅकेट चढवून, काइटच्या ओढीवर बोर्डाशिवाय वाऱ्याच्या विरुद्ध, तिरप्या दिशेने सरकायचा सराव आधी करा. हरवलेल्या बोर्डापर्यंत पोहोचायचा तोच मार्ग. हेल्मेट घालाच. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला बसलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो, त्यामुळे आधी डॉक्टरांना खेळाचं स्वरूप सांगून विचारा. कंबरेचा हार्नेस वर सरकून बरगड्या दाबत असेल तर मांड्यांत अडकवायचा बैठा हार्नेस वापरून पाहा. कंबरदुखी असणाऱ्या अनेकांना तो सोसतो.

काइट पाण्यात पडून उठत नाही

फ्रान्सच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये फुगवायच्या काइटचं पेटंट घेतलं, ते पाण्यावर पडलेला काइट पुन्हा उठावा यासाठीच. तो उठतो, पण धीर धरणाऱ्यालाच. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या एकदम खेचल्या की तो तिथेच फडफडतो. एका बाजूची मागची दोरी हळू ओढून धरा, काइट सरकत कडेला जाईल आणि आपोआप उभा राहील. काइट वर असताना वारंवार मागे झुकून खाली येत असेल, तर बहुधा पुढच्या दोऱ्या वापराने ताणून लांब झाल्यात. चारही दोऱ्या एका खांबाला अडकवा, ट्रिम (पुढच्या दोऱ्या आखूड करायचा पट्टा) पूर्ण मोकळा ठेवून बार जवळ ओढा. चौघींना सारखा ताण आला पाहिजे.

घरी सराव करताना

जायकवाडी धरणाचा नाथसागर बघून मोह होतो, हे मी समजू शकतो. पण जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. तिथे काइट नकोच.

दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा काइट मोकळ्या माळावर उडवा. बालाघाटच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत म्हणजे वारा आहेच, पण त्यांच्याजवळून विजेच्या तारा जातात, तेव्हा तारांपासून लांबचा माळ शोधा. वळवाच्या दिवसांत पश्चिमेला काळं दिसलं की तत्काळ काइट उतरवा. ढगापुढून येणारा झोत काही सेकंदांत वारा दुप्पट करतो, आणि वीज पडून आपल्याकडे दरवर्षी माणसं-जनावरं दगावतात.

शेवटचं, सामानाचं. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काइट ठेवू नका. त्या उष्णतेने ब्लॅडरच्या (काइटच्या आतल्या हवेच्या फुग्याच्या) व्हॉल्व्हचा डिंक सुटतो, आणि ते कळतं थेट किनाऱ्यावर पंप मारताना. गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, घरातल्या थंड खोलीत, उंदरांपासून लांब ठेवा. निघण्याच्या आठवडाभर आधी काइट अंगणात फुगवून रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी मऊ लागला तर व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले नाहीत तर ब्लॅडर बाहेर काढून त्यावरही तेच करा. छिद्र सापडलं की पुसून, कोरडं करून ठिगळ लावा आणि पुन्हा एक रात्र फुगवून ठेवा.